दार्जिलिंग, पायी: अण्णांबरोबरचे सहा दिवस

निघण्याआधी

अण्णांना हिमालय दाखवायचा हे माझ्या डोक्यात तीन-चार वर्षं घोळत होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्याच्या एसटी वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. डाव्या गुडघ्याला पट्टा आणि सकाळी बीपीची एक गोळी लागते, पण चालायला कधी नाही म्हणत नाहीत. मी पुण्यात नोकरी करते आणि सुटी मिळाली की सह्याद्रीत भटकते. या वेळी सलग सहा दिवसांची रजा मंजूर झाली. आता सहा दिवसांत, दोन वेगळ्या दमाच्या माणसांना, गाडीच्या काचेआडून न बघता पायाखाली डोंगर मिळेल असं गाव कोणतं?

पहिलं नाव निघालं लेहचं. पण लेह साडेतीन हजार मीटरवर. विमानाने थेट तिथे उतरलं की पहिले दोन दिवस विरळ हवेची सवय व्हायला खोलीत काढायचे, आणि सहातले दोन असे गेले की उरतं काय? शिवाय सोबत बीपीचा माणूस. दार्जिलिंग साधारण २,०४५ मीटरवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटर उंच, तरी रात्री नीट झोप लागेल इतकं माणसाच्या आवाक्यातलं. आणि गावातल्या रस्त्यावर उभं राहिलं तर समोर जगातलं तिसरं सर्वांत उंच शिखर. दार्जिलिंग ठरलं.

मग सगळे सांगतात तसं ‘थ्री पॉइंट’, ‘सेव्हन पॉइंट’ सुरू झालं. तिथल्या टॅक्सीवाल्यांची ही ठरलेली पॅकेजेस. थ्री पॉइंट म्हणजे पहाटे साडेतीनला उठून टायगर हिल, येताना घूमची गुंफा (म्हणजे बौद्ध मठ) आणि बतासिया लूप. सेव्हन पॉइंट म्हणजे दिवसभरात सात ठिकाणी उतरायचं, फोटो काढायचे, पुन्हा बसायचं. पोट भरायचा त्यांचा तो धंदा आहे, त्यात वावगं काही नाही. पण दार्जिलिंग हे गावच एका डोंगराच्या धारेवर वसलेलं आहे. जो डोंगर चालायचा, त्यावर गाडीतून चढउतार करायची हे मला पटेना. मी कागदावर नियम लिहिला: दिवसाला एकच मोठं चालणं, तेही दुपारी तीनच्या आत संपणारं.

तीनच का, ते सांगते, कारण आपल्याकडची बरीच मंडळी इथे फसतात. दार्जिलिंग पुण्यापेक्षा चौदा रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ देशभर एकच. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तिथे आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी मावळतो. त्यात आम्ही जाणार नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. पावणेपाचला दिवेलागण. साताऱ्याच्या सवयीने ‘पाचपर्यंत परत येऊ’ म्हणून निघालं तर शेवटची वाट अंधारात.

संदकफू मी जड मनाने कापलं. पश्चिम बंगालमधलं ते सर्वांत उंच ठिकाण, ३,६३६ मीटर. तिथून एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि कांचनजुंगा एका ओळीत दिसतात. पण वाट जिथून सुरू होते त्या मानेभंज्यांगपासून ते एकतीस किलोमीटर. नीट चालायचं तर चार दिवस हवेत, आणि गाडीतून एका दिवसात वर नेऊन खाली आणायचं तर अण्णांच्या तब्येतीशी खेळ. त्याऐवजी त्याच वाटेवरचं पहिल्या मुक्कामाचं गाव, टुमलिंग, घेतलं. अण्णांनी निघण्याआधी सहा आठवडे रोज पहाटे अजिंक्यतारा चढला. शनिवारी मीही साताऱ्याला जाऊन बरोबर चढायचे. पहिल्या आठवड्यात ते तीनदा थांबायचे, सहाव्यात एकदा.

वारांचाही हिशेब केला. दार्जिलिंगचं प्राणिसंग्रहालय आणि त्याच आवारातली गिर्यारोहण संस्था गुरुवारी बंद असते, म्हणून गुरुवार टुमलिंगला घातला. वाफेच्या इंजिनाच्या गाडीची दोन तिकिटं आधीच काढली. बाकी पिशवीत एका जाड जाकिटाऐवजी तीन पातळ थर, विजेरी, ओळखपत्रं आणि अण्णांचा जादा पट्टा.

सोमवार: बागडोगरा ते दार्जिलिंग

पुण्याहून पहाटेचं विमान, कोलकात्याला बदल, दुपारी एकच्या सुमाराला बागडोगरा. हवा उबदार, विमानतळाबाहेर सपाट चहाचे मळे. इथून वर सत्तर किलोमीटर. समुद्रसपाटीपासून शे-सव्वाशे मीटरवरून दोन हजारांवर साडेतीन तासांत चढायचं. घाट लागला तसा अण्णांनी खिडकीकडे पाठ केली आणि ड्रायव्हरच्या गिअर टाकण्याकडे बघत बसले. चाळीस वर्षांची सवय. दहा मिनिटांनी माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘पोरगा गाडी ओढत न्हाई, चढवतोय.’’ त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी क्वचित ऐकली आहे.

कुर्सियांगपासून रूळ रस्त्याला येऊन बिलगतात ते शेवटपर्यंत सोडत नाहीत. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, मध्येच रस्ता ओलांडून. दुकानांच्या पायरीपासून हातभर अंतरावर रूळ. माणसं त्यावर भाजीच्या टोपल्या मांडून बसलेली असतात आणि गाडीची शिटी ऐकू आली की उचलतात. पाट्या वाचायला मला फार मजा आली. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे सगळं वाचता येतं: ‘पसल’ म्हणजे दुकान, ‘चिया’ म्हणजे चहा, ‘खाजा घर’. इतक्या लांब येऊन मुळाक्षरं आपलीच.

घूमला धुकं इतकं दाट की पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. तिथून रस्ता थोडा उतरतो आणि दार्जिलिंग येतं. साडेचार वाजले होते आणि उजेड संपत आला होता.

मुक्कामाच्या जागेने निराशा केली. ‘शिखर दिसणारी खोली’ म्हणून जादा पैसे घेतले होते, आणि खिडकी उघडली तर दीड हातावर शेजारच्या इमारतीचा पत्रा. विचारलं तर म्हणाले, शिखर गच्चीवरून दिसतं. मला खूप राग आला, कारण खोली मी अण्णांसाठी निवडली होती. अण्णांनी मात्र सामान लावायला घेतलं. दुसऱ्या दिवशी कळलं की अशा खोलीला पैसे मोजायची मुळात गरजच नसते. चौरस्त्यापासून दहा मिनिटांवर राहिलात तर शिखर बघायला सार्वजनिक रस्ता आहे. गरम पाणी मिळालं एक बादली. याबद्दल मात्र तक्रार नाही. या गावाला पाण्याची टंचाई आहे. सेंचलच्या तळ्यांवरून येणारी जुनी व्यवस्था आता वाढलेल्या वस्तीला पुरत नाही, रस्त्यात पाण्याच्या टँकरमागे टँकर दिसतात. एका बादलीत दोघांचं भागलं.

रात्री थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, खाल्ला आणि नऊला झोपलो.

मंगळवार: मॉल रोड, संस्था, आणि एक खडक

साडेपाचला बाहेर पडलो. चौरस्ता हा शब्द आपलाच, पण इथे तो गावाचं अंगण आहे. गाड्यांना बंदी, मधोमध मोकळं पटांगण, कडेला बाकं, आणि भानुभक्त आचार्यांचा पुतळा, ज्यांनी रामायण नेपाळीत आणलं. एका कवीला गावाने असं मध्यावर बसवलंय याचं मला फार बरं वाटलं. चौरस्त्यावरून मॉल रोड ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालून पुन्हा चौरस्त्यावरच येतो. सगळा सपाट, गुडघ्याला त्रास नाही. स्वेटर घालून फिरायला आलेले आजी-आजोबा, दोरीच्या उड्या मारणारी मुलं, हातात जपमाळ घेतलेल्या तिबेटी बायका.

टेकडीच्या मागच्या बाजूला आलो आणि अण्णा थांबले. खाली रंगीतची खोल दरी, काळी. तिच्यावर सिक्कीमच्या डोंगररांगा, निळ्या. त्यावर ढगांची पट्टी. आणि त्या पट्टीच्याही वर, जिथे आता आभाळाशिवाय काही नसणार असं वाटत होतं तिथे, कांचनजुंगा. सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, ८,५८६ मीटर. शाळेच्या भूगोलात आम्ही ‘कांचनगंगा’ शिकलो होतो. एव्हरेस्टची मोजणी होईपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, हेच जगातलं सर्वांत उंच शिखर समजलं जायचं, आणि इथे उभं राहिलं की ती समजूत अगदी रास्त वाटते. उजेड माथ्यावर आधी पडला आणि तिथून हळूहळू खाली उतरत गेला; खालच्या रांगा अजून अंधारातच. अण्णा कठड्याला दोन्ही हात टेकून उभे होते. पंधरा मिनिटं काही बोलले नाहीत. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

टेकडीच्या माथ्यावर महाकाल मंदिर आहे. पूर्वी तिथे बौद्ध मठ होता, दोर्जे-लिंग, वज्राची भूमी. गावाला नाव त्यावरूनच. आज एकाच गाभाऱ्यात हिंदू पुजारी आणि बौद्ध लामा दोघंही पूजा करतात, आणि झाडाझाडाला पताका बांधलेल्या.

नाश्त्यानंतर चालत जवाहर पर्वतावर गेलो. हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट ही माझ्यासाठी यात्रेची जागा. एव्हरेस्ट सर झाल्यावर दीड वर्षाने, नोव्हेंबर १९५४मध्ये, नेहरूंच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. मेजर नरेंद्र धर जयाल पहिले प्राचार्य, तेनसिंग नोर्गे क्षेत्रीय प्रशिक्षणाचे पहिले संचालक. महाराष्ट्रातल्या कितीतरी गिर्यारोहकांनी पहिला दोर, पहिली आइस-अॅक्स इथल्या अभ्यासक्रमात हातात घेतली. माझ्या ट्रेकिंगच्या गटातला एक दादा इथला अठ्ठावीस दिवसांचा बेसिक कोर्स करून आला होता. त्यानेच मला गाठी शिकवल्या. तेनसिंग १९८६मध्ये दार्जिलिंगलाच गेले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार याच आवारात झाले आणि तिथे त्यांचा पुतळा आहे. त्यापुढे मी वाकून नमस्कार केला.

संग्रहालयात अण्णा जुन्या ऑक्सिजनच्या नळकांड्यांपाशी रमले, व्हॉल्व्ह कसा बसवलाय ते काचेला नाक लावून बघत होते. मी कांचनजुंगाचा इतिहास त्यांना सांगितला. २५ मे १९५५ रोजी जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड माथ्यापाशी पोहोचले आणि काही फूट खालीच थांबले. सिक्कीमच्या लोकांना हे शिखर देवासमान. माथ्यावर पाऊल ठेवणार नाही असा शब्द मोहिमेच्या नेत्याने चोग्याल राजांना दिला होता. नंतरच्या अनेक मोहिमांनी तो शब्द पाळला. २०१९च्या मे महिन्यात पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा जण या शिखरावर पोहोचले, तेव्हा बातमी वाचून मी ऑफिसात रडले होते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘एवढं चढून शेवटचं पाऊल न्हाई टाकलं?’’ ‘‘नाही टाकलं, अण्णा.’’ ‘‘मोठी माणसं,’’ ते म्हणाले.

त्याच आवारात प्राणिसंग्रहालय आहे. हिम बिबट्या आणि लाल पांडा यांच्या प्रजननासाठी ते नावाजलेलं. लाल पांडाला नेपाळीत हाब्रे म्हणतात. आम्ही पाहिला तो फांदीवर पोट टेकून, चारही पाय खाली सोडून झोपलेला, शेपटी नाकावर ओढून घेतलेली. थंडीत अंगावर पांघरूण घ्यावं तशी.

अण्णांना तिथून गाडीने खोलीवर पाठवलं आणि मी लेबोंगच्या रस्त्याने तेनसिंग रॉककडे चालत गेले. रस्त्याच्या कडेलाच उभा एक मोठा खडक, समोर गोंबू रॉक. नवांग गोंबू हे तेनसिंगांचे भाचे-पुतण्यांपैकी, एव्हरेस्टवर दोनदा, १९६३ आणि १९६५ साली, पोहोचलेले पहिले गिर्यारोहक. तिथली मुलं थोडे पैसे घेऊन दोर लावून देतात. मी आजवर चढले ती सगळी आपली काळी बसाल्ट, थराथराची. हाताला धार मिळते, पण धरलेला दगड निखळेल की काय ही धास्ती कायम. हा दगड नीस जातीचा, करडा, चकाकणाऱ्या अभ्रकाचा. धारेऐवजी तळव्याने दाबून तोलायचा. पहिल्या दहा फुटांत माझे पाय दोनदा घसरले. वरून दोर धरलेला मुलगा म्हणाला, ‘‘दिदी, बिस्तारै.’’ हळू. मग पाऊल सपाट टेकवून टाचेवर भार दिला आणि दगडाने धरून ठेवलं. वर पोहोचल्यावर हाताला अभ्रकाची चमक लागली होती, ती रात्रीपर्यंत नखांत राहिली.

बुधवार: जलापहाडच्या वाटेने घूम

टायगर हिल आम्ही केलं नाही. मॉल रोडवरून जे शांतपणे बघितलं तेच बघायला गाड्यांच्या रांगेत पहाटे जायची इच्छा दोघांनाही नव्हती. त्याऐवजी चौरस्त्यावरून जलापहाडच्या रस्त्याने घूमपर्यंत चाललो. खालचा हिल कार्ट रोड हॉर्नने भरलेला असतो, आणि हा वरच्या धारेवरचा रस्ता जवळपास रिकामा. सेंट पॉल्स शाळा, मग लष्कराची छावणी (तिथे फोटो काढू नयेत), मग धूपीची उंच, सरळ झाडी. शेवाळ इतकं की भिंती, खांब, पायऱ्या सगळं हिरवं. अण्णांचा वेग ठरलेला: वीस मिनिटं चालायचं, तीन मिनिटं उभं राहायचं, बसायचं नाही. मी पुढे गेले की म्हणायचे, ‘‘आगं, चढाला गाडीचा आन माणसाचा नियम एकच. पहिल्यापास्नं लो गिअर.’’ अडीच तासांत घूम आलं.

घूम स्टेशन २,२५८ मीटरवर, भारतीय रेल्वेचं सर्वांत उंच स्टेशन म्हणून ओळखलं जाणारं. आमचं तिकीट दुपारचं, दार्जिलिंगहून घूमला येऊन परत जाणाऱ्या गाडीचं. म्हणून शेअर जीपने खाली जाऊन स्टेशनवर अर्धा तास आधी पोहोचलो, आणि तो अर्धा तास अण्णांच्या पूर्ण सहलीतला सोन्याचा ठरला.

दार्जिलिंग हिमालयन रेल्वे १८८१मध्ये इथपर्यंत आली. रुळांमधलं अंतर दोन फूट, आपल्या नेरळ-माथेरानइतकंच. माथेरानची गाडी १९०७ची, म्हणजे ही तिची थोरली बहीण. १९९९पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात. शंभराच्या आसपास वय झालेलं निळं इंजिन उभं होतं आणि अण्णा त्याच्या चाकापाशी उकिडवे बसले. मधूनच मला हाक मारायचे. इथे दातेरी पट्टी नाही, हे त्यांना सगळ्यात मोठं वाटलं. एवढा चढ, पण गाडी चढते ती फक्त चाक आणि रूळ यांच्या घासणीवर. मग पाऊस पडून रूळ ओला झाला तर? उत्तर इंजिनाच्या पुढ्यात बसलं होतं. दोन माणसं, पुढच्या बंपरवर, अक्षरशः चाकांच्या पुढे, आणि त्यांच्याजवळ वाळू. चाक घसरायला लागलं की मूठभर वाळू हाताने रुळावर टाकायची. कोळशाच्या ढिगावर आणखी एक जण, हातोडीने कोळसा फोडणारा. अण्णांनी वाळूवाल्याकडून चिमूटभर वाळू मागून घेतली, बोटांत चोळून पाहिली. ‘‘चाळलेली हाय. वाळवलेली पण.’’ त्या माणसाने हसून मान हलवली. दोघांनी एकमेकांना काही सांगायची गरज उरली नाही.

गाडी बतासिया लूपवर दहा मिनिटं थांबते. चढ सोपा करायला १९१९मध्ये बांधलेलं हे वेटोळं; मधोमध गोरखा सैनिकांचं स्मारक. माझ्या केसांत कोळशाचे कण अडकले होते.

गुरुवार: मानेभंज्यांग ते टुमलिंग

सकाळी सातला जीप. सुखियापोखरीवरून मानेभंज्यांग सव्वीस किलोमीटर. ‘माने’ म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची रास, ‘भंज्यांग’ म्हणजे खिंड. गावाच्या नाल्यापलीकडे नेपाळ. इथे वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि घ्यावाही. आम्हाला चाळिशीतला एक दाजू (नेपाळीत थोरला भाऊ) मिळाला, कमी बोलणारा.

आमची योजना अशी: मी इथून चालत जायचं, अण्णांनी दोन तासांनी लँड रोव्हरने निघून मेघमा गावात थांबायचं, तिथून शेवटचे चारेक किलोमीटर दोघांनी मिळून चालायचे, सामान गाडीने पुढे. हीच गोष्ट मी इतरांना आवर्जून सांगते. सोबत कमी दमाचं माणूस असलं की आपण एकतर त्याला गाडीत बसवून ठेवतो किंवा आपलं चालणं सोडतो. वाट बघून ठेवली, कुठे गाडी पोहोचते ते विचारलं, तर वाटेचा एक चांगला तुकडा दोघांचा होतोच.

चित्रे गावापर्यंतचा पहिला चढ सरळ छातीवर येतो. पाठीवरचा घाम थंड होऊ नये म्हणून थांबायचं नाही. तासाभरात झाडी संपून गवताचं कुरण आलं आणि दाजू म्हणाला, ‘‘उकालो सकियो.’’ चढ संपला. संपला नव्हता, पण त्यातला वाईट भाग संपला होता. पुढे वाट धारेवरून जाते, कधी भारतात कधी नेपाळात; मध्येच सीमेचा ठेंगणा खांब, आणि त्याला पाठ घासणारी गाय. दोन्ही बाजूंना गुरांसची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, वाकडी झाडं. ती फुलतात मार्च-एप्रिलमध्ये. आता फक्त जाड, गडद पानं आणि टोकाला बंद कळ्या.

मेघमा गावात पोहोचले तेव्हा नावाप्रमाणे सगळं ढगात. सशस्त्र सीमा बलाच्या चौकीवर ओळखपत्रांची नोंद होते. चहाच्या टपरीशेजारी लँड रोव्हर उभी होती आणि तिच्याखालून अण्णांचे दोन बूट बाहेर आले होते. मी धावत गेले. ते मजेत होते. ड्रायव्हरने टॉर्च धरला होता आणि दोघं कमानपाटे मोजत होते. ‘‘जादाचा पाटा घातलाय बघ. इंजिन बदललंय, डिझेल टाकलंय. चेसिस मात्र मूळची.’’ बाहेर येऊन त्यांनी दरवाज्यावर टिचकी मारली. अॅल्युमिनियमचा पत्रा, म्हणून गंज नाही. चहामळ्यांच्या साहेबांनी आणलेल्या अशा जुन्या गाड्या या एका वाटेने आजवर जिवंत ठेवल्या आहेत, कारण तिथल्या माणसांना त्यांचा प्रत्येक बोल्ट माहीत आहे. अण्णांच्या डोळ्यांत मला खूप दिवसांनी वर्कशॉपमधून घरी येतानाचे अण्णा दिसले.

मेघमा ते टुमलिंग आम्हाला दोन तास लागले. २,९०० मीटरच्या वर अण्णांचा श्वास आखूड झाला. दाजू न सांगता त्यांच्या मागे आला आणि त्यांच्याच पावलाने चालू लागला. पंधरा पावलं, एक दीर्घ श्वास. मी पुढे न जाता शेजारून चालले. ढगातून घंटा ऐकू आली, मग याकसारखी केसाळ गाय दिसली, मग पत्र्याची छपरं.

लॉजच्या दिदीने आम्हाला थेट चुलीपाशी बसवलं. चुलीवर छताला दोऱ्यात ओवलेली छुर्पी, म्हणजे वाळवलेलं चीज, लटकत होती, याकच्या आणि गायीच्या दुधाची, धुराने पिवळी पडलेली, दगडासारखी. एक तुकडा तोंडात ठेवला तर अर्धा तास टिकतो. जेवणात भात, डाळ, गुंद्रुकचं, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचं, आंबट सार आणि डल्लेचं लोणचं. गोल, लाल, बोराएवढी मिरची. सातारच्या माणसाने ती चाखली, पाणी न पिता बसून राहिले आणि मग आणखी एक मागून घेतली. दोन-दोन सिरक, म्हणजे रजया, अंगावर घेऊन सातलाच आडवे झालो. रात्री मी दोनदा उठून त्यांचा श्वास ऐकला. शांत होता.

शुक्रवार: सकाळ

बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय होती. पावणेसहाला बाहेर आलो तर ढग सगळे खाली दरीत भरलेले आणि वर स्वच्छ. इथून कांचनजुंगाची रांग आडव्या माणसासारखी दिसते, तिला निद्रिस्त बुद्ध म्हणतात. डावीकडे कुंभकर्ण हे डोकं, मध्ये कांचनजुंगा हे पोट, उजवीकडे पांडिमच्या बाजूला पाय. मंगळवारी दार्जिलिंगहून पाहिलं तेव्हा ते एक शिखर होतं. इथे ते पूर्ण शरीर होतं. दिदी ओट्यावर धूप जाळत होती. जुनिपरचा धूर सरळ वर गेला, वारा नव्हता.

अण्णांनी खिशातून आईचा छोटा फोटो काढला. तो त्यांनी आणलाय हे मला माहीत नव्हतं. कठड्यावर, शिखराकडे तोंड करून, धूप जळत होता तोवर ठेवला. मग पुसून पुन्हा खिशात घातला.

उतार हा गुडघ्याचा वैरी, म्हणून परतीला पूर्ण वाट अण्णा गाडीने, आणि त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर मागे बसले. ब्रेकला पाय न लावता, खालच्या गिअरवर इंजिनानेच गाडी कशी रोखून धरतात, हे त्यांनी मला प्रत्येक वळणावर दाखवलं. दुपारी दार्जिलिंगला येऊन हॅपी व्हॅलीच्या चहामळ्यातून थोडं फिरलो. हा मळा १८५४चा. हंगाम सरत आला होता, खुडणाऱ्या बाया कमी होत्या. दार्जिलिंगचा चहा हे भारतात भौगोलिक मानांकन मिळालेलं पहिलं उत्पादन, तरी त्या खुडणाऱ्या हातांना मिळणारी मजुरी मळ्यातल्या बाईकडून ऐकली आणि विकतचं छोटं पाकीट घेताना हात थांबला. घेतलं. पण ती गोष्ट मनातून गेली नाही.

शनिवार

विमान दुपारचं, जीप सातची. त्याआधी मॉल रोडला एक फेरी मारली. सगळं ढगात, शिखर नाही, दरीसुद्धा नाही. रोजचे आजी-आजोबा तेवढेच, त्याच वेगाने. एकाने अण्णांना ओळखून हात केला.

सोनादाजवळ जीप थांबली. समोरून गाडी येत होती, वाफेची, आणि रूळ आमच्या चाकांपासून हातभर. इंजिन शेजारून गेलं तेव्हा पुढच्या बंपरवर दोघं बसले होते, मांडीवर गोणपाट टाकून. अण्णांनी काच पूर्ण खाली केली. एकाने वाळूने भरलेली मूठ किंचित वर उचलली.